पान बदललं, पण आम्हाला विचारलं का?

(सामुदायिक रेडिओवर झालेलं भाषण)



आजचा विषय तुमच्या-आमच्या हातातल्या मोबाईलचाच आहे. एखादं पान आपल्या चांगलं सवयीचं झालेलं असतं. फॉर्म कुठे भरायचा, पैसे जमा झाले का ते कुठे बघायचं, सगळं पाठ झालेलं असतं. आणि एके दिवशी उघडून बघावं तर पानच बदललेलं. उजवीकडचं बटण गायब, रंग वेगळा, अक्षरं बारीक. कालपर्यंत आपण सराईत होतो, आज पुन्हा पहिलीत.

हे कोण बदलतं? का बदलतं? आणि बदलण्याआधी वापरणाऱ्या माणसांना विचारायची काही रीत आहे का? आज हे समजून घेऊ. आणि कुणी विचारलंच, तर नीट सांगायचं कसं, तेही बघू.

हा नुसता रंगरंगोटीचा मामला नाही

आपल्यातल्या कितीतरी जणी मोबाईल चालवतात ते अक्षर वाचून नव्हे, तर जागा ओळखून. 'वर कोपऱ्यात तीन रेघांची खूण, मग हिरवा चौकोन, मग सगळ्यात खालचं बटण.' वाट पाठ असते. वीज गेल्यावर अंधारात काडेपेटी जशी बरोबर हाताला लागते, तसंच हे.

जागा हलली की ही वाट मोडते. मग शेजारच्या पोराला हाक मारायची, नाहीतर सेवा केंद्रावर खेप घालायची. तिथे मोबाईल दुसऱ्याच्या हातात जातो, आणि पाठोपाठ आलेला ओटीपीही त्यालाच सांगितला जातो. म्हणजे बघा, बटण हललं एवढंसं, पण व्यवहार आपल्या हातातून निसटला. म्हणून पानाची मांडणी कशी असावी याबद्दल आपलं म्हणणं असायला हवं. ते शहरातल्या शिकल्यासवरल्या लोकांचं काम आहे, असं म्हणून सोडून देण्यासारखं हे नाही.

आता एक खरी घडलेली गोष्ट सांगतो. विकिपीडियाची.

विकिपीडिया म्हणजे काय?

तुमच्या पोरांनी शाळेच्या प्रकल्पासाठी हे नाव नक्कीच घेतलं असेल. विकिपीडिया हा इंटरनेटवरचा ज्ञानकोश आहे. १५ जानेवारी २००१ रोजी तो इंग्रजीत सुरू झाला. आज तो तीनशेहून जास्त भाषांत आहे. मराठी विकिपीडिया २००३ सालच्या १ मे रोजी, म्हणजे महाराष्ट्र दिनालाच सुरू झाला.

याचं वैशिष्ट्य असं, की तो वाचायला पैसे लागत नाहीत, त्यावर जाहिराती नाहीत, आणि त्यातले लेख पगारी नोकर लिहीत नाहीत. तुमच्या-आमच्यासारखी माणसं आपल्या वेळात लिहितात, एकमेकांचं तपासतात, चुका दुरुस्त करतात. ज्या सॉफ्टवेअरवर हे सगळं चालतं त्याचं नाव मीडियाविकी. तेही खुलं आहे. कुणीही ते उघडून बघू शकतं आणि सुधारणा सुचवू शकतं. हा सगळा डोलारा सांभाळायला विकिमीडिया फाउंडेशन नावाची एक ना-नफा संस्था अमेरिकेत आहे. ती मुख्यतः लोकांच्या देणग्यांवर चालते.

आपल्या भाषेत सांगायचं तर गावाने वर्गणी काढून, श्रमदानाने बांधलेलं हे सभागृह. देखभालीला एक समिती नेमलेली. आता समितीला वाटलं, सभागृहाची मांडणी बदलायला हवी. पण बांधलंय गावाने! मग गावाला न विचारता भिंत कशी पाडणार?

जुन्या पानाचं दुखणं काय होतं?

सॉफ्टवेअरवाले पानाच्या बाहेरच्या रूपाला 'स्किन' म्हणतात. आतली हाडं, म्हणजे लेख आणि माहिती, तीच राहतात. वरची कातडी तेवढी बदलते. विकिपीडियाच्या संगणकावरच्या पानाला २०१० साली एक रूप मिळालं होतं आणि ते बारा-तेरा वर्षं फारसं बदललं नव्हतं. या काळात संगणकाचे पडदे रुंद झाले आणि कधीच इंटरनेट न वापरलेली कोट्यवधी माणसं नव्याने आली. नव्या माणसाला त्या पानावर अडचणी येत होत्या.

पहिली अडचण ओळींची लांबी. रुंद पडद्यावर एकेक ओळ या टोकापासून त्या टोकापर्यंत जायची. आपला रोजचा पेपर आठवा. पेपर एवढा रुंद असतो, पण मजकूर मात्र अरुंद रकान्यांत छापतात. कारण ओळ फार लांब झाली की नजर परत येताना चुकते, तीच ओळ पुन्हा वाचली जाते.

दुसरी अडचण अनुक्रमणिकेची. ती लेखाच्या सुरुवातीला असायची. लांबलचक लेख वाचत खाली गेलं, की दुसऱ्या भागावर जायला पुन्हा पार वरपर्यंत यावं लागायचं.

तिसरी अडचण भाषेची, आणि ती आपल्या जवळची आहे. एकाच विषयावर इंग्रजीत, हिंदीत, मराठीत वेगवेगळे लेख असतात. पण भाषा बदलायची यादी डाव्या बाजूला, खूप खाली, इतर गोष्टींच्या गर्दीत पडलेली असायची. हा लेख मराठीतही आहे, हेच कित्येकांना कळायचं नाही.

विचारायच्या चार रीती

२०१९ च्या सुमारास संस्थेने हे काम हाती घेतलं. त्यात लोकांना विचारायच्या वेगवेगळ्या रीती वापरल्या. प्रत्येकीतून आपल्याला काही शिकता येतं, म्हणून एकेक करून सांगतो.

पहिली रीत, शेजारी बसून बघणं. वाचकाला एक काम द्यायचं आणि तो ते कसं करतो ते गप्प बसून बघायचं. तो कुठे थांबला, कुठे चुकीचं बटण दाबलं, कुठे वैतागला, त्याची नोंद करायची. 'तुम्हाला पान आवडलं का?' असं विचारलं की माणूस भिडेपोटी 'छान आहे' म्हणतो. काम करताना बघितलं की खरं कळतं.

दुसरी रीत, कच्चा नमुना दाखवणं. पान पक्कं करण्याआधी त्याचा नमुना लोकांसमोर ठेवला आणि वेगवेगळ्या भाषांतल्या लोकांकडून म्हणणं मागवलं. घर बांधताना फक्कीने आखणी करतात ना, तसं. फक्कीची रेघ पुसायला काहीच लागत नाही. भिंत पाडायला मात्र पैसे लागतात आणि भांडणंही होतात.

तिसरी रीत, थोड्या ठिकाणी आधी लावून बघणं. २०२० सालापासून बास्क, हिब्रू, फारसी, फ्रेंच अशा काही भाषांच्या प्रकल्पांवर हे बदल टप्प्याटप्प्याने आणले. यात हिब्रू आणि फारसी या उजवीकडून डावीकडे लिहिल्या जाणाऱ्या भाषा. तिथे सगळी मांडणी आरशातल्यासारखी उलटी करावी लागते. इंग्रजीत बरोबर दिसलं म्हणजे सगळीकडे बरोबर दिसेल असं नसतं, हे अशा ठिकाणीच समजतं. आपल्या मराठीचंही तसंच आहे. आपल्या वेलांट्या, रफार, जोडाक्षरं सांभाळायला दोन ओळींत जरा जास्त जागा लागते. ती नसली की अक्षरांची डोकी छाटल्यासारखी दिसतात.

चौथी रीत आपल्याला शेतावरून लगेच कळेल. आपण नवं बियाणं एकदम सगळ्या रानात टाकत नाही. दोन सारखे वाफे घेतो, एकात जुनं, एकात नवं, आणि मग तुलना करतो. तसंच इथे काही वाचकांना जुनं रूप दाखवलं, काहींना नवं, आणि फरक मोजला. शोधण्याच्या चौकटीत नावाबरोबर छोटं चित्र आणि एका ओळीची ओळख दिली, तर लोकांचं शोधणं ३० टक्क्यांपर्यंत वाढू शकतं, असं संस्थेने या तुलनेनंतर सांगितलं. पानाचा माथा सरकून न जाता वरच चिकटून राहिला, तर वर-खाली सरकवण्याची खटपट सुमारे १५ टक्क्यांनी कमी होते, असंही आढळलं.

या शेवटच्या रीतीचा मोठा गुण असा, की जी बाई कधी तक्रार लिहिणार नाही, तिचीही अडचण मोजणीत येते. पण तिची एक उणीवही आहे. एखादी बाई बटणापाशी थांबली एवढं आकडा सांगतो. ती का थांबली हे तो सांगत नाही. त्यासाठी तिच्याशीच बोलावं लागतं.

आणि मग वाद झालाच

एवढं करूनही सगळं गोडीगुलाबीने झालं असं समजू नका. २०२२ च्या शेवटी इंग्रजी विकिपीडियावर जाहीर चर्चा झाली. नवं रूप सगळ्यांना लावायचं का? १६५ जण बाजूने बोलले, १५३ जण विरोधात, आणि ९ जण अधलेमधले. जवळजवळ निम्मी-निम्मी फूट!

विरोध का होता ते समजून घेऊ. तुम्ही वीस वर्षं एकाच स्वयंपाकघरात रांधताय. मिसळणाचा डबा कुठे, उलथनं कुठे, डोळे मिटून हात जातो. कुणीतरी येऊन सगळी फळी नव्याने लावली. पाहुणी आली तर म्हणेल, किती सुटसुटीत केलंय! पण रोज रांधणारीचा हात तर रोज चुकणार. विकिपीडियावर रोज लिहिणारी माणसं ही रांधणारी होती. कधीतरी वाचायला येणारा वाचक हा पाहुणा. दोघंही आपल्या जागी खरंच बोलत होते.

सगळ्यात मोठा आक्षेप होता दोन्ही बाजूंच्या मोकळ्या पांढऱ्या जागेवर. ओळी आखूड केल्यामुळे रुंद पडद्यावर कडेला जागा रिकामी दिसायची. वाचायला ते बरं, पण मोठे तक्ते आणि चित्रं दाटीवाटीने बसायची. 'एवढा मोठा पडदा घेतला तो रिकामा ठेवायला का?' असं लोक विचारत होते.

आता निकाल कसा लागला ते बघा, कारण खरी शिकवण इथेच आहे. निकाल देणाऱ्यांनी नुसते हात मोजले नाहीत. विरोध कशाला आहे, त्यावर उपाय निघतो का, हे त्यांनी बघितलं. ज्यांना पूर्ण रुंदी हवी त्यांच्यासाठी प्रत्येक पानावर एक बटण ठेवा, आणि ते सगळ्यांना वापरता आलं पाहिजे, मग नवं रूप लावा, असा त्याचा मथितार्थ होता. त्यानंतर १८ जानेवारी २०२३ रोजी इंग्रजी विकिपीडियाचं रूप बदललं. ज्यांनी खातं उघडलं आहे, त्यांना आपल्यापुरतं जुनं रूप परत लावून घ्यायची सोयही ठेवली.

बदल झाल्यावर आणखी मोठा गलबला झाला. कारण आधीची चर्चा काही शेकडा लोकांतच झाली होती आणि वाचणारे होते कोट्यवधी. त्यांना ते एका सकाळी एकदम दिसलं. मागे फिरवा, असा आग्रहही झाला, त्यावर पुन्हा लांबलचक चर्चा झाली. नवं रूप टिकलं, पण ते जसंच्या तसं राहिलं नाही. लोकांच्या म्हणण्यावरून त्यात दुरुस्त्या होत राहिल्या.

त्यातली एक छोटीशी दुरुस्ती आम्हाला फार आवडली. भाषांची यादी जुन्या जागेवरून उचलून लेखाच्या नावासमोर आणली होती. पण सवयीने माणसं जुन्याच जागी शोधत बसायची. म्हणून काही विकिपीडियांवर त्या जुन्या जागी एक पाटी लावली, की भाषा आता पानाच्या वर, लेखाच्या नावासमोर आहेत. दुकान हलवलं की जुन्या गाळ्यावर आपण पाटी लावतो ना, 'दुकान समोरच्या गल्लीत हलवले आहे', अगदी तशी. साधी गोष्ट आहे, पण एका पाटीने कितीतरी माणसांची चुकामूक वाचते.

पुढे २०२४ साली अक्षरं मोठी करण्याची आणि रात्री डोळ्यांना त्रास होऊ नये म्हणून काळ्या पार्श्वभूमीवर वाचण्याची सोय आली. त्याआधी लोकांना नुसतं 'अक्षर मोठं हवं का?' असं विचारलं नाही. एक नमुना दिला आणि सांगितलं, अक्षराचा आकार आणि ओळींमधली जागा तुम्हीच कमीजास्त करा आणि तुम्हाला वाचायला काय बरं वाटतं ते आम्हाला दाखवा. शिंपीणताई ब्लाउज बेतताना 'सैल हवं की घट्ट?' एवढंच विचारून थांबत नाही, अंगाला लावून बघते. तशीच ही रीत.

जाता जाता एक कामाची गोष्ट. आपण बहुतेक जणी विकिपीडिया मोबाईलवर बघतो, आणि मोबाईलचं रूप वेगळं असतं. हा सगळा वाद संगणकाच्या पानाचा होता. मोबाईलवरही लेखाच्या नावाजवळ भाषा बदलायची खूण असते. इंग्रजी लेख उघडला तर ती दाबून बघा. त्या विषयावर मराठी लेख असेल तर यादीत 'मराठी' दिसेल.

चावडीवर कोण बोलतं?

आता जरा नाजूक मुद्दा. विकिपीडियावर चर्चेची जी सामाईक जागा आहे, तिला इंग्रजीत 'व्हिलेज पंप' म्हणतात, म्हणजे गावचा पाण्याचा पंप. आणि मराठी विकिपीडियावर त्याच जागेला नाव दिलंय 'चावडी'.

दोन्ही नावं गावचीच, पण फरक आहे की नाही? पाणवठ्यावर बायका बोलत आल्या. चावडीवर मात्र बोलले ते बहुतेक पुरुषच. आणि विकिपीडियावर आजवर ज्या पाहण्या झाल्या, त्यांत लिहिणाऱ्यांमध्ये बायकांचं प्रमाण फार कमी दिसलं आहे, साधारण दहांत एखाद-दुसरी. म्हणजे जे बोलतात त्यांचंच ऐकून पान बदललं, तर न बोलणाऱ्यांची अडचण तशीच राहते. यात कुणाचा दुष्टपणा नाही. पण चावडीवर जी आलीच नाही, तिचं म्हणणं ठरावात कसं येणार?

म्हणूनच आपल्याकडे ग्रामसभेच्या आधी महिलांची वेगळी सभा घ्यायची, असा नियम केला गेला. बायकांना बोलायला जागा मिळावी, त्यांचं म्हणणं लिहून पुढे जावं, हा त्यामागचा हेतू. मोबाईलच्या पानांनाही हेच लागू आहे. आपण बोलायचं ठरवलं नाही, तर आपल्यासाठी दुसरं कुणीतरी ठरवणार.

बोलायला जागा असते का? पुष्कळदा असते. भारत सरकारने २००९ साली सरकारी संकेतस्थळं कशी असावीत याच्या मार्गदर्शक सूचना काढल्या. लोकांना संपर्क करता यावा, अभिप्राय देता यावा, ही अपेक्षा त्यांत आहे. म्हणून पान उघडलं की सगळ्यात खाली जाऊन बघा. 'अभिप्राय', 'संपर्क', 'मदत' किंवा 'फीडबॅक' असं काहीतरी लिहिलेलं असतं. मोबाईलच्या ॲपमध्ये ते तीन रेघांच्या खुणेखाली सापडतं.

सांगायचं कसं?

'नवीन पान एकदम बेकार आहे.' असं लिहिलं तर वाचणाऱ्याला आपला राग कळतो, दुरुस्ती काय करायची ते कळत नाही. डॉक्टरकडे जाऊन नुसतं 'बरं वाटत नाही' म्हटलं तर ते काय औषध देणार? कुठे दुखतं, कधीपासून, काय केल्यावर दुखतं, हे सांगावं लागतं. इथेही तसंच. पाच गोष्टी सांगायच्या.

एक, मी कोणतं काम करायला गेले होते.
दोन, माझ्याकडे काय आहे: मोबाईल की संगणक, पडदा लहान की मोठा, नेट कसं चालतं.
तीन, मी काय काय दाबलं, क्रमाने.
चार, नेमकी कुठे अडले आणि समोर काय दिसलं.
पाच, मग मी काय केलं: सोडून दिलं, कुणाला विचारलं, की पैसे देऊन करून घेतलं.

उदाहरण घेऊ. समजा, गटाच्या कर्जाचा हप्ता जमा झाला का ते बघायचं आहे. तर असं लिहा: 'मी गटाचा हप्ता जमा झाला का ते बघायला गेले. माझा मोबाईल लहान पडद्याचा आहे. आधी गटाचं नाव दाबलं, मग खात्याचं पान उघडलं. पूर्वी हप्त्याची यादी तिथेच दिसायची. आता फक्त एक आकृती दिसते आणि त्याखालची अक्षरं इंग्रजीत आहेत. यादी मला सापडली नाही. शेवटी बँकेत जाऊन विचारलं, त्यात अर्धा दिवस गेला.' बघा, सात-आठ ओळी झाल्या. पण हे वाचून पान करणाऱ्याला दोन गोष्टी लगेच कळल्या. यादी पुन्हा डोळ्यांसमोर आणायला हवी, आणि अक्षरं मराठीत हवीत.

आणखी एक लक्षात ठेवा. उपाय आपणच सुचवला पाहिजे असं नाही. अडचण नीट सांगितली तरी पुष्कळ झालं. विकिपीडियाच्या वादातही 'नवं नकोच' म्हणणाऱ्यांपेक्षा 'रुंदी कमी केल्याने तक्ता दाटीवाटीने बसतो' असं सांगणाऱ्यांच्या म्हणण्यातून बटण निघालं. आणि जे चांगलं झालंय तेही सांगायचं. नाहीतर पुढच्या बदलात नेमकं तेच काढून टाकतील!

पाचजणी पुरे

तुम्ही म्हणाल, आमच्या एका छोट्या गटाचं कोण ऐकणार? तर ऐका. जेकब नीलसन नावाचे या विषयातले एक जाणकार आहेत. त्यांनी २००० साली मांडलं, की पानाची चाचणी घ्यायला शेकडो माणसं लागत नाहीत. पाच माणसांना काम करताना नीट बघितलं, तरी बहुतेक मोठ्या अडचणी उघड्या पडतात. कारण पहिली जिथे अडखळते, तिथेच दुसरी आणि तिसरीही अडखळते. आणि आपला गट तर दहाजणींचा!

म्हणून येत्या बैठकीत हे करून बघा. बचत आणि हप्त्यांचं काम झालं की अर्धा तास राखून ठेवा. आपल्याला नेहमी लागणारं एखादं पान किंवा ॲप निवडा. एकीने ठरलेलं काम करायचं. शेजारी एकीने वही घेऊन बसायचं. बाकीच्यांनी बघायचं, पण 'अगं तिथे नाही, इकडे दाब!' असं सांगायचं नाही. हेच सगळ्यात अवघड आहे, हसू नका. ती अडकली तरी मिनिटभर गप्प राहायचं, कारण घरी एकटी असताना तिला सांगायला कुणी नसणार. ती कुठे अडकली, तोंडातून काय शब्द निघाला, तेच वहीत लिहायचं. 'हे कुठे गेलं बाई?' असं ती म्हणाली, तर तसंच्या तसं लिहा.

पाचजणींत एक थोडं कमी शिकलेली असू द्या, एक वयाने मोठी, एक जिला बारीक अक्षर दिसत नाही अशी. शिकलेल्या पोरीला सगळंच येतं. तिच्यावरून इतरांची अडचण कळत नाही.

मात्र सांभाळायच्याही गोष्टी आहेत. आधार क्रमांक, खाते क्रमांक, पिन आणि ओटीपी कुणालाही मोठ्याने सांगायचा नाही. ज्या कामात पैसे जातात, ते काम सरावासाठी निवडायचं नाही. अडलेल्या पानाचा फोटो पाठवायचा असेल तर त्यावर आपला नंबर दिसत नाही ना, ते आधी बघा. आणि मदत करतो म्हणून फोन करून कुणी ओटीपी मागितला, तर फोन ठेवून द्या.

मग जिथे तिघी किंवा जास्त जणी अडकल्या, त्या जागा वेगळ्या काढा. त्या गटाच्या इतिवृत्तात लिहा, सह्या-अंगठे घ्या, आणि सीआरपी ताईंच्या हाती ग्रामसंघाकडे द्या. एकटीने सांगितलं तर 'तिला येत नाही' असं म्हणून सोडून देतात. दहा गटांनी एकाच बटणाबद्दल लिहिलं, तर चूक बाईची नसून बटणाची आहे, हे दिसून येतं.

आणि उत्तर मागा. आमच्या मते विचारणाऱ्याची खरी परीक्षा इथेच असते. म्हणणं मागवलं, पेटीत टाकलं आणि पेटी बंद, असं झालं तर पुढच्या वेळी कुणी बोलत नाही. 'तुमचं हे ऐकलं, हे केलं, हे या कारणाने करता आलं नाही', एवढं तरी कळायला हवं. विकिपीडियाच्या कामात नाराज लोक पुष्कळ राहिले. पण कशाचं काय झालं, हे उघड लिहिलेलं होतं, म्हणून वाद घालायलाही जागा राहिली.

मैत्रिणींनो, मोबाईलवर अडलं की आपण पहिल्यांदा म्हणतो, 'मला मेलीला काही येत नाही.' हे वाक्य आजपासून जरा बाजूला ठेवू. आधी बघू, शेजारणीलाही तिथेच अडतंय का. तिलाही अडत असेल, तर वही काढायची आणि लिहायचं. तुमच्या गटाने असं करून बघितलं, तर कोणतं पान घेतलं, किती जणी कुठे अडल्या, हे आम्हाला आपल्या केंद्रावर जरूर कळवा. आलेल्या नोंदी एकत्र करून आम्ही त्या याच कार्यक्रमात वाचून दाखवू.

तोवर रजा घेतो. नमस्कार!